एक ‘इओ’ आणि चाळीस पोती

मोमो पेनाया घरात चहा मागतात तेव्हासुद्धा कुणीतरी जहाज बंदरात बोलावतंय असं वाटतं.

नेई तारुसिला चुलीपासून विचारते, “चहा टाकू का?”

मोमो पडवीतून सांगतात, “चहा. एक कप. पेनायासाठी. साखर दोन चमचे. बरोबर?”

“बरोबर.”

“मग टाक.”

मोमो म्हणजे माझे मामा आणि नेई म्हणजे मामी. मामा एकतीस वर्षं आमच्या नाइलोमा गावच्या रेडिओवर बसतात. सकाळी नऊला आणि दुपारी चारला. कंदावू बेटाच्या या टोकाला जहाजाशी, दवाखान्याशी, राजधानीत, सुवातल्या पोराबाळांशी बोलायचं तर तो रेडिओ. त्यांचा नियम असा की ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, आणि पलीकडच्याने ‘बरोबर’ म्हटलं की मगच ते खरं मानायचं. नेई म्हणते, लग्नाचं विचारलं तेव्हाही त्यांनी तिचं उत्तर तिलाच दोनदा म्हणून दाखवलं. तिसऱ्यांदा ती कंटाळून ‘बरोबर’ म्हणाली, आणि ते टिकलं.

त्यांचं दुसरं काम वडिलांकडून आलेलं. ते गावाचे मतानिवानुआ आहेत. गावच्या प्रमुख बुलोऊ पाहुण्यांशी स्वतः बोलत नाहीत, त्यांच्या वतीने मतानिवानुआ बोलतो. पाहुण्यांकडूनही त्यांचा बोलणारा बोलतो. मोठी माणसं दोन्हीकडे गप्प बसून ऐकतात आणि भांडणं निम्म्याने कमी होतात.

मतानिवानुआ या शब्दातल्या ‘मता’चा अर्थ डोळा. त्यामुळे गेल्या वर्षी मोमोंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला तेव्हा गावाची करमणूक झाली. ‘गावाच्या डोळ्यावरच पडदा पडलाय’ हे वाक्य मी एका आठवड्यात सात जणांकडून ऐकलं आणि प्रत्येकाला ते आपल्यालाच सुचलंय असं वाटत होतं. मार्चमध्ये धक्क्यावर सरकारी आयुक्त उतरायचे होते. मोमोंनी यंगोनाच्या, म्हणजे बैठकीत प्यायच्या पेयाच्या, मुळ्यांची जुडी दोन्ही हातांत धरून, पूर्वजांची नावं घेत, आठ मिनिटांचं स्वागताचं भाषण केलं, ते शीतगृह दुरुस्त करायला आलेल्या मेकॅनिकसमोर. मेकॅनिक चांगल्या घरचा होता. त्याने जुडीला हात लावला. आमच्याकडे हात लावला की स्वीकारलं, मग ते देवालाही परत घेता येत नाही. आयुक्त मागे छत्री धरून उभे राहिले. शीतगृह मात्र तेव्हापासून कधी बंद पडलेलं नाही.

आता माझं सांगते, कारण यातला गाढवपणा माझा आहे.

मी लवेनिया, मोमोंच्या बहिणीची मुलगी. सुवात चार जणांच्या एका कंपनीत एआय एजंट बनवते. एजंट म्हणजे माणसाच्या वतीने दुसऱ्या एजंटांशी बोलून कामं उरकणारा प्रोग्राम. माझ्या गळ्यातल्या कार्डावर ‘विश्वासार्ह समन्वय’ असं छापलेलं आहे. छापून आलं तेव्हा मी त्याचा फोटो काढून आईला पाठवला होता. आईने विचारलं, “हे आजाराचं नाव आहे का?”

त्या वर्षी आम्हाला काम मिळालं की बेटावरची गावं, माल नेणारं जहाज आणि सुवातला दवाखाना, तिघांचे एजंट करायचे, म्हणजे पोती किती, माणसं किती, थांबायचं कुठे हे ते आपसांत ठरवतील. मी म्हटलं, सुरुवात नाइलोमापासून करू. आईचं गाव, राहायला घर आहे, नेईच्या हातचं मासळीचं कालवण आहे. तीन महिन्यांसाठी मी डिश अँटेना घेऊन मोमोंच्या पडवीत येऊन बसले, बरोबर त्यांच्या रेडिओशेजारी. पाहुणी म्हणून आलेली मुलगी मामाच्या पोटावर पाय द्यायला आली आहे हे सगळ्यांना दिसत होतं. ते मला बोलून दाखवत नव्हतं कुणी, कारण मी वासु आहे. वासु म्हणजे बहिणीचं लेकरू. त्याला आईच्या गावातून हवं ते उचलून न्यायचा हक्क असतो, कोंबडी म्हणा, चटई म्हणा. मी मामाची नोकरी उचलत होते, एवढंच.

सुरक्षेचं मी काही बाकी ठेवलं नव्हतं. प्रत्येक निरोप कुलूपबंद, प्रत्येक एजंटाची किल्ली वेगळी, बाहेरच्या कुणाला आत डोकावता येणार नाही, सोंग घेऊन शिरता येणार नाही. बाहेरच्या चोरासाठी मी इतका बंदोबस्त केला की आतले तिघं एकमेकांशी काय बोलतात ते ऐकायचंच राहून गेलं.

आणि गावाचा एजंट उद्धट वाटू नये म्हणून मी त्याला गावच्या बैठकांची ध्वनिमुद्रणं ऐकवली. चाळीस तास. तो भारी सभ्य झाला. समोरचा बोलायला लागला की हा मध्येमध्ये “इओ, इओ” म्हणायचा.

इओ म्हणजे हो. पण आमचं इओ म्हणजे ‘ऐकतोय’. ‘असं म्हणता होय’. ‘बोला बोला, यंगोना संपायला वेळ आहे’. ‘पटलं’ हा अर्थ त्यात सर्वांत शेवटी येतो, तोही दर वेळी येतोच असं नाही. शिवाय कुणी विचारलं, “तू येणार नाहीस?” तर इओ म्हणजे नाही येणार. मी इथली आहे. मला हे जन्मापासून माहीत आहे. फक्त माझ्या एजंटाला सांगायचं राहिलं.

त्या आठवड्यात सुवात मोतीबिंदू काढणाऱ्या डॉक्टरांचं पथक येणार होतं. वर्षातून एकदा येतं. मोमोंचा नंबर गुरुवारी सकाळी, यादीत अकरावा. आदल्या वर्षी तपासणाऱ्या डॉक्टरने सांगून ठेवलं होतं, “डावा थांबेल. उजव्याचं पुढच्या वर्षी मी काही सांगू शकणार नाही.” ‘सेनिवाई’ जहाज बुधवारी सकाळी नाइलोमाला थांबायचं आणि संध्याकाळी सुवाला पोचायचं. नेईने मोमोंचा कमरेला नेसायचा चांगला सुलु इस्त्री करून बॅगेत ठेवला होता. शनिवारपासून.

सोमवारी दुपारी मी सहज वेळापत्रक उघडलं. बुधवारच्या रकान्यात नाइलोमा नव्हतं.

मी तिघांचं संभाषण काढलं.

जहाज: या आठवड्यात नाइलोमाचा माल फक्त नऊ पोती. एवढ्यासाठी खाडीत वळायला नको ना?

गाव: इओ. धन्यवाद.

जहाज: म्हणजे बुधवारचा थांबा रद्द केला तर तुमची हरकत नाही?

गाव: इओ, इओ. आपण घेत असलेल्या कष्टांबद्दल गाव आभारी आहे.

जहाज, दवाखान्याला: नाइलोमाहून बुधवारी कुणी येत नाही.

दवाखाना: मग पेनाया यांचं नाव यादीतून काढतो. कळवल्याबद्दल आभार.

जहाज: आभार.

गाव: आभार.

एकमेकांचे आभार मानत तिघांनी मिळून माझ्या मामाचा डोळा घालवला होता. कुठलंही कुलूप तुटलं नव्हतं. सगळ्या किल्ल्या जागच्या जागी होत्या.

मोमो शेजारीच खुर्चीत होते. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मलाच वाचून दाखवावं लागलं. मी भराभर वाचलं.

“परत सांग,” मोमो म्हणाले.

मी परत, सावकाश वाचलं.

“दवाखान्याला कुणी सांगितलं मी येत नाही?”

“जहाजाने.”

“जहाजाला कुणी सांगितलं?”

“गावाने.”

“गावाने थांब्याचं सांगितलं. माणसाचं कुठे सांगितलं?”

“तो... जहाजाचा अंदाज.”

“आणि दवाखान्याने माझ्याबद्दल जहाजाचं ऐकलं. मी जहाजाचा कोण लागतो?”

“कुणी नाही.”

“बरोबर. आणि तुझ्या त्या गावाच्या एजंटाला इओ म्हणायला कुणी पाठवलं?”

“मूर्ख आहे तो,” मी म्हटलं.

“तिघंही सभ्य आहेत,” मोमो म्हणाले. “चांगलं वळण लावलंयस.”

आतून नेई म्हणाली, “मग ती बॅग उघडू का? सुलु चुरगळेल.” तिचा आवाज नेहमीसारखाच होता. तेच मला सहन झालं नाही.

मी दवाखान्यात फोन लावला. सिस्टर फिलोमेनाने उचलला.

“नाव गेलंय बाई. बारावी होती ती अकरावर आलीय. तिला मी आता काय तोंड दाखवू? असं कर, गुरुवारी आठ वाजता ते माझ्यासमोर बाकावर बसलेले असले तर मी शेवटी लिहीन.”

“येतीलच ते सिस्टर.”

“येतील नको. बसलेले. तुमच्या यंत्राकडून नको, मला सुलु घातलेला माणूस बाकावर दिसला पाहिजे.”

आता जहाज. मी जहाजाच्या एजंटाला थांबा परत घालायला सांगितलं. त्याने नम्रपणे नकार दिला. शेवटच्या अठ्ठेचाळीस तासांत वेळापत्रकात फेरफार करता येणार नाही, कप्तानाने स्वतः सांगितल्याशिवाय. हा नियम मीच घातला होता, आयत्या वेळी कुणी घातपात करू नये म्हणून. माझ्या सबंध कामात ठरल्याप्रमाणे चाललेली ती एकच गोष्ट, आणि ती चुकीच्या निर्णयाचं रक्षण करत होती. विमानाच्या जागा पथकाची बातमी आली तेव्हाच संपल्या होत्या. फायबरच्या होडीने मधली सामुद्रधुनी ओलांडायची असं मी म्हणून पाहिलं. नेईने माझ्याकडे पाहिलं, आणि मी ते म्हटलंच नाही असं ठरलं.

चार वाजता मी रेडिओचा माइक उचलला. मोमोंना विचारलं नाही. म्हटलं, मी निस्तरते.

“सेनिवाई, सेनिवाई, नाइलोमा.”

“सेनिवाई. कप्तान रुसियाते. हा पेनायाचा आवाज नाही. कोण बोलतंय?”

“लवेनिया.”

“कुणाच्या वतीने?”

“सिस्टिमच्या.”

“सिस्टिम कुठल्या गावची?”

मोमो खुर्चीत खोकले. ते हसू होतं की खोकला, अजून ठरलेलं नाही.

“तुझी आई कुठली?” कप्तानाने विचारलं.

“नाइलोमाची.”

“हां. मग माणूस कळला. पाठवलं कुणी?”

“कुणी नाही. मी आपली...”

“आपली आलीस तर मी आपला बोलतो. मी चहा पितोय. कुणाच्या वतीने आलीस तर जहाजाचा कप्तान बोलेल. साडेचारपर्यंत आहे मी इथे.”

संशयिताची ओळख कशी पटवायची यावर मी सुवात एकदा दीड तासाचं व्याख्यान दिलं होतं. या माणसाने ते तीन प्रश्नांत आटपलं होतं, चहा पीत.

“मोमो, तुम्हीच बोला ना,” मी म्हटलं.

“कुणासाठी?”

“तुमच्यासाठी.”

“मतानिवानुआ स्वतःसाठी मागत नाही.”

“पण डोळा तुमचा आहे.”

“म्हणूनच. आज मी माझ्या डोळ्यासाठी गावाचं तोंड वापरलं तर उद्या मी कुणाचाही निरोप नेला की लोक त्यात पेनायाचं पोट शोधतील. गावात टाकी आहे, टाकीला नळ आहे. पाणी टाकीचं. नळाने स्वतःचं पाणी काढायला लागायचं का?”

“मग काय करायचं?”

“बुलोऊंना विचार. त्या कुणाला पाठवतात बघ.”

पाठवायला त्या क्षणी गावात रिकामं माणूस एकच होतं.

बुलोऊ शेजारच्या घरात चटई विणत बसल्या होत्या. मी दारातच खाली बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी विणायचं थांबवलं नाही.

“तुला पाठवू?” त्या म्हणाल्या. “तुझ्या यंत्राने आमच्या वतीने आधीच तीन इओ देऊन टाकलेत.”

“चूक माझी आहे, बुलोऊ.”

“ते कुणी विचारलं नाही. तीन वाक्यं सांग. पेनाया येणार आहे. पोती नऊ आहेत. थांबाल का. चौथं वाक्य नको.”

“परत सांग,” मोमो माझ्या मागून म्हणाले. भिंत चाचपत आले होते.

“पेनाया येणार आहे. पोती नऊ आहेत. थांबाल का.”

“बरोबर,” बुलोऊ म्हणाल्या.

चार वाजून वीस मिनिटांनी मी परत माइक उचलला. “नाइलोमाच्या बुलोऊंच्या वतीने, लवेनिया.” या वेळी माझा आवाज मलाच जरा बरा वाटला. तिन्ही वाक्यं म्हटली. न अडखळता.

रेडिओ खरखरला. कप्तान काही बोलेना.

कुणी बोलत नसलं की माझ्याच्याने राहवत नाही. हे लहानपणापासून आहे. मुलाखतीत समोरचा गप्प बसला की मी पगार कमी करून घेते. पाच सेकंद गेले, दहा गेले. मला वाटलं, नऊ पोत्यांसाठी हा माणूस डिझेल जाळणार नाही, तो नाही म्हणायला शब्द शोधतोय.

“म्हणजे चाळीस,” मी म्हटलं. “चाळीस पोती आहेत. दालो.”

मोमोंचा हात हवेत वर गेला. त्यांना मी दिसत नव्हते, तरी तो बरोबर माझ्या तोंडाच्या दिशेने आला.

“चाळीस पोती दालो,” रेडिओतून आवाज आला. “नाइलोमाच्या बुलोऊंच्या वतीने. बुधवारी सकाळी आठ, धक्क्यावर. आणि पेनाया. बरोबर?”

माझ्याजवळ त्या वेळी दोन शब्द होते. एक ‘चुकलं’ आणि एक ‘बरोबर’.

“बरोबर,” मी म्हटलं.

“मग थांबतो.” आणि तो गेला.

बाहेर कुणाची तरी डुकरं भांडत होती.

“चाळीस कुठून आले?” मोमोंनी विचारलं.

“तोंडातून.”

“मघाशी तुझ्या एजंटाला तू काय म्हणालीस?”

“मूर्ख.”

“का?”

“कुणी पाठवलं नसताना गावाच्या नावावर कबूल करून आला म्हणून.”

“बरोबर.”

मी म्हटलं, उद्या नऊला रेडिओ लागला की सांगते, पोती नऊच आहेत. मोमोंनी मान हलवली. “तू लवेनियाच्या नावाने बोलली असतीस तर परत घेतली असतीस. बुलोऊंच्या नावाने बोललीस. आता ती नऊ नाहीत. बुधवारी आठ वाजता ती चाळीस आहेत.”

परत त्या दारात. या वेळी मी जरा जास्त खाली बसले.

बुलोऊंनी ऐकलं. चटईची एक ओळ पूर्ण केली. मग आतल्या बाईला हाक मारून म्हणाल्या, “उद्या सगळ्यांना मळ्यात जायला सांग. एकतीस पोती.” आणि मला म्हणाल्या, “वासु कोंबडी नेतात. माझ्या आजोबांच्या वेळी एकाने होडी नेली होती. एकतीस पोती पहिल्यांदाच नेतंय कुणी.”

मंगळवार माझ्या आयुष्यात नसता तर बरं झालं असतं.

दालो, म्हणजे अळूचा कंद, अजून महिनाभराने काढायचा होता. तो जमिनीतून यायला तयार नव्हता आणि त्याचं म्हणणं मला पटत होतं. उजाडल्यापासून सगळं गाव टेकडीवरच्या मळ्यांत होतं. मी एक कंद उपटेपर्यंत शेजारची बाई सहा उपटायची आणि वर मला विचारायची, “काय गं, हे तुझ्या यंत्राला नाही का येत?” दुसरी म्हणायची, “अगं त्याला विचार ना. तो इओ म्हणेल.” मग सगळा मळा हसायचा. दुपारपर्यंत हा विनोद चढावरून उतारावर आणि उतारावरून परत चढावर आला. दर फेरीत त्याच्यात काहीतरी नवीन भर पडलेली असायची. नऊचे चाळीस कसे होतात ते मला यातून नीट कळलं.

पोतं उचलायचा प्रयत्न मी तीनदा केला. पहिलं मी नेलं. दुसरं मी आणि एकजण मिळून नेलं. तिसऱ्याने मला नेलं, चिखलातून, पायवाटेच्या वळणापर्यंत.

वळणावर मोमो बसले होते. पोत्यांची तोंडं शिवायचं काम त्यांनी मागून घेतलं होतं. दाभण बोटांनी चाचपत ओवायचे, आणि प्रत्येक पोतं हाताने थापटून म्हणायचे, “सतरा. लगाकलीच्या मळ्यातलं. बरोबर?” आणणारा म्हणायचा, “बरोबर.” “अठरा. चर्चच्या मळ्यातलं. बरोबर?” दाभण दोनदा त्यांच्या बोटात गेलं. त्यांनी रक्त सुलुला पुसलं आणि एकोणीस म्हटलं. मी ते पाहिलं.

चाळिसावं पोतं संध्याकाळी उजेड असतानाच आलं. नेईच्या परसातलं होतं. परसात आता काही उरलं नव्हतं.

बुधवारी आठ वाजता ‘सेनिवाई’ खाडीत वळलं. कप्तान रुसियाते धक्क्यावर उतरला, पोती मोजली, एकेका पोत्यावर हात ठेवत. चाळीस भरली. मग त्याने एक कोवळा कंद काढून तळहातावर धरला. आंब्याच्या कोयीएवढा होता.

“फार घाईत काढलात,” तो म्हणाला.

मी म्हणाले, “परवा तुम्ही गप्प झालात ना, म्हणून मला वाटलं...”

“गप्प? मी भरती-ओहोटीचं पुस्तक शोधत होतो. ओहोटी किती वाजता ते बघायला. वळायला पाणी पुरेल का बघत होतो.”

“म्हणजे तुम्ही नऊ पोत्यांसाठी...”

“नऊ कसली. पेनायासाठी. एकतीस वर्षं हा माणूस मला वादळ सांगतोय. कधी एक शब्द वाढवून सांगितला नाही. त्याला घ्यायला मी रिकामा आलो असतो.”

धक्क्यावर सगळं गाव उभं होतं. कंबरा धरून. सगळ्यांनी हे ऐकलं. त्या शांततेत पहिल्यांदा मला काही बोलावंसं वाटलं नाही.

मग नेई हसली. तोंडावर हात ठेवून, वाकून. तिच्यामागे बाकीचे. ते हसणं जहाज खाडीबाहेर पडेपर्यंत ऐकू येत होतं.

गुरुवारी सात वाजून दहा मिनिटांनी मोमो बाकावर बसले होते, इस्त्रीच्या सुलुत. आठ वाजता सिस्टर फिलोमेना आली, त्यांच्याकडे पाहिलं, पेन काढलं. “बसलेले आहेत,” ती म्हणाली आणि यादीच्या तळाशी नाव लिहिलं.

त्यांना आत नेलं तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. मी बाकावर लॅपटॉप उघडला आणि तिघा एजंटांना उभं केलं. आता कुणीही तोंड उघडायच्या आधी सांगायचं, कोण बोलतंय, कुणी पाठवलं, आणि कुठवर बोलायची परवानगी आहे. तिसऱ्याबद्दल दुसऱ्याने सांगितलेलं ऐकायचं नाही, थेट त्यालाच विचारायचं. ठरलं ते पलीकडच्याने आपल्या शब्दांत म्हणून दाखवायचं, आणि ज्याचं आहे त्या माणसाने ‘बरोबर’ म्हटल्याखेरीज ते ठरलं नाही. ‘नको ना’, ‘नाही ना’ असे प्रश्न बंद. आणि कुणी गप्प बसलं तर आपणही गप्प बसायचं. हे शेवटचं लिहिताना मी बराच वेळ थांबले, कारण एजंटाला ते एका ओळीत जमलं.

मग तपासून पाहिलं. जहाजाच्या एजंटाने विचारलं, पुढच्या बुधवारी पोती किती. गाव म्हणाला, “नऊ सांगायला पाठवलंय.” जहाज म्हणालं, वीस झाली तर बरं. गाव म्हणाला, “नऊ सांगायला पाठवलंय. वीसचं विचारून सांगतो.” जहाजाने परत विचारलं. गावाने परत तेच सांगितलं. संध्याकाळी माझा साहेब फोनवर म्हणाला, “तुझे एजंट हळू झालेत. सारखं विचारतात. गिऱ्हाइकाला आवडेल का हे?” मी म्हटलं, विचारून सांगते.

शुक्रवारी सकाळी पथकातल्या डॉक्टरने मोमोंच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी काढली. ती बाई आमच्याकडची नव्हती, आणि तिच्यामागे अजून सोळा जण रांगेत होते. तिने बॅटरी मारली, मोमोंचं थिजलेलं तोंड पाहिलं आणि जरा काळजीने विचारलं, “अजून नीट दिसत नाही का, काका?”

“इओ,” मोमो म्हणाले.

तिने कागदावर लिहायला घेतलं.

“थांबा,” मी म्हटलं. “डॉक्टर, लिहू नका. मोमो, इओ म्हणजे दिसत नाही, की इओ म्हणजे ऐकलंत?”

“तिने विचारलं. मी ऐकलं.”

“मग दिसतंय का?”

मोमोंनी मान वळवली. आधी सिस्टर फिलोमेनाकडे, मग खिडकीकडे, तिथे बराच वेळ. मग माझ्याकडे.

“लवेनिया,” ते म्हणाले. “बहिणीची मुलगी. उजव्या कानामागे मळ्यातला चिखल. मंगळवारचा. बरोबर?”

मी कानामागे हात लावून पाहिला.

“बरोबर,” मी म्हटलं.